छप्पन्न वर्षांनी घरी

दुसऱ्या महायुद्धात पकडला गेलेला हंगेरी देशाचा एक खेडूत सैनिक ऑगस्ट २००० मध्ये मायदेशी परतला. युद्ध संपून तेव्हा पंचावन्न वर्षे झाली होती. इतकी वर्षे तो कोठे होता, त्याला कोणी कसे शोधले नाही आणि अखेर तो कसा सापडला, हे या पाठात सांगितले आहे.

युरोप खंडाच्या मध्यभागी हंगेरी हा देश आहे. त्याला समुद्रकिनारा नाही. आकाराने तो आपल्या महाराष्ट्राच्या एक-तृतीयांशाहूनही लहान आहे. या देशाच्या ईशान्य भागात न्यीरेजहाझा नावाचे शहर आहे. शहराभोवतीची जमीन रेताड आहे. तिच्यात बटाटे चांगले येतात आणि सफरचंदाच्या बागाही पुष्कळ आहेत.

या शहराच्या आसपासचे शेतकरी पूर्वीपासून शेतातच वस्ती करून राहत. चार-सहा घरे एका ठिकाणी, भोवती शेते, मग बरेच अंतर मोकळे आणि पुन्हा चार-सहा घरे. आपल्याकडे गावापासून दूर मळ्यात किंवा वाडीवर लोक राहतात, तसेच हे. अशा वस्तीला तिकडे ‘बोकोर’ म्हणतात. बोकोर म्हणजे झुडूप. माळावर मधूनमधून झुडपे उगवावीत तशा या वस्त्या दिसतात, म्हणून हे नाव. अशाच एका वस्तीचे नाव शुयानबोकोर. आंद्राश तोमा या वस्तीत लहानाचा मोठा झाला. त्याचा जन्म ५ डिसेंबर १९२५ चा. लोहाराच्या हाताखाली तो काम शिकत होता.

हंगेरीचे लोक आपले नाव सांगताना आधी आडनाव सांगतात आणि मग स्वतःचे नाव. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर असते तसेच. म्हणजे आपल्या गावात हा मुलगा ‘तोमा आंद्राश’ होता. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे या नावाचा बराच घोळ झाला आहे.

युद्ध सुरू झाले तेव्हा आंद्राश तेरा वर्षांचा होता. हंगेरीचे सरकार हिटलरच्या जर्मनीच्या बाजूला गेले. जून १९४१ मध्ये हंगेरीने सोव्हिएत रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. जानेवारी १९४३ मध्ये रशियातील डॉन नदीच्या काठी हंगेरीचे एक संपूर्ण सैन्य कडाक्याच्या थंडीत मोडून पडले. त्यानंतर रशियाची लाल सेना पुढे पुढे येऊ लागली. ऑक्टोबर १९४४ मध्ये ती न्यीरेजहाझा शहराच्या दारात येऊन ठेपली. त्याच महिन्यात आंद्राशला सैन्यात भरती करण्यात आले. त्याला एकोणिसावे वर्ष अजून पुरे झाले नव्हते. हे युद्ध कोणी सुरू केले आणि कशासाठी केले, हे त्याला कोणी विचारले नव्हते. त्याच्या हाताला ऐरणीची सवय होती. त्या हातात आता बंदूक आली.

आंद्राशची तुकडी पोलंडमध्ये गेली. तेथे क्राकूफ शहराच्या परिसरात जानेवारी १९४५ मध्ये लाल सेनेने मोठी चढाई केली. त्या धामधुमीत आंद्राश पकडला गेला. त्याचे युद्ध तीन महिन्यांतच संपले.

त्या काळात हंगेरीतून रशियात नेलेल्या लोकांची संख्या सुमारे सहा लाख मानली जाते. त्यांत सगळेच सैनिक नव्हते. शेतकरी, दुकानदार, बायका, शाळकरी मुलेसुद्धा होती. रशियन शिपाई गावात येत आणि लोकांना घराबाहेर बोलावत. ‘थोडेसे काम आहे,’ एवढेच ते सांगत. थोडेसे काम याला रशियन भाषेत ‘मालेन्काया राबोता’ असे म्हणतात. हंगेरीच्या लोकांना रशियन येत नव्हते. त्यांना ते शब्द ‘मालेन्की रोबोट’ असे ऐकू आले. ते थोडेसे काम कित्येक वर्षे चालले. मोठ्या संख्येने लोक परत आलेच नाहीत. हंगेरीमध्ये आजही सक्तमजुरीच्या त्या दिवसांना ‘मालेन्की रोबोट’ म्हणतात. चुकीचा ऐकू आलेला शब्दच इतिहासात राहिला.

आंद्राशला प्रथम लेनिनग्राड शहराच्या पूर्वेला बोक्सितोगोर्स्क या खाणींच्या गावी, युद्धकैद्यांच्या छावणीत ठेवले. तेथे तो आजारी पडला. मग त्याला मॉस्कोच्या पूर्वेला, सुमारे हजार किलोमीटर दूर बिस्त्र्यागी येथील कैद्यांच्या रुग्णालयात पाठवले. जानेवारी १९४७ मध्ये तेथून त्याची रवानगी झाली ती कोतेल्निच या गावच्या मनोरुग्णालयात. त्या वेळी तो एकवीस वर्षांचा होता.

कोतेल्निच हे व्याटका नदीच्या काठचे गाव. आगगाडीचे जंक्शन, लाकडी घरे आणि हिवाळ्यात महिनोन्‌महिने न वितळणारे बर्फ. या गावच्या मनोरुग्णालयात आंद्राश त्रेपन्न वर्षे राहिला.

त्रेपन्न वर्षे हा आकडा वाचायला सोपा आहे. मुलांनो, तुमच्या आजोबांना विचारा, त्रेपन्न वर्षांपूर्वी ते काय करत होते. तेवढ्या काळात एका माणसाचे शिक्षण, नोकरी, लग्न, मुले, नातवंडे एवढे सगळे होऊन जाते.

आता प्रश्न असा की, आंद्राशला वेड लागले होते का? रुग्णालयाच्या कागदांवर स्किझोफ्रेनिया या मनोविकाराचे नाव लिहिले होते. छावणीतील उपासमार, थंडी आणि आजार यांमुळे त्याच्या मनावर परिणाम झाला असेलही. पण डॉक्टरांनी त्याची तपासणी केली ती कोणत्या भाषेत? त्याला रशियन येत नव्हते आणि रुग्णालयात कोणालाही हंगेरियन येत नव्हते. तो बोलत असे, तेव्हा ते शब्द ऐकणाऱ्यांना निरर्थक वाटत. मनोरुग्णालयात एखादा माणूस न समजणारे बोलला, तर लोक काय समजणार? ही वेड्याची बडबड आहे असेच समजणार. जी भाषा त्याची आई बोलत होती, तीच त्याच्या आजाराचे लक्षण ठरली.

येथे भाषेविषयी थोडे सांगितले पाहिजे. मराठीत आपण ‘दोन, तीन’ म्हणतो. उर्दूत तुम्ही ‘दो, तीन’ म्हणता. रशियन लोक ‘द्वा, त्री’ म्हणतात. ऐकताच नाते कळते. मराठी, उर्दू आणि रशियन या एकाच मोठ्या कुळातील भाषा आहेत, जरी दूरच्या असल्या तरी. हंगेरियन भाषेत मात्र दोनला ‘केत्तो’ आणि तीनला ‘हारोम’ म्हणतात. पाण्याला रशियन भाषेत ‘वदा’ म्हणतात, हंगेरियनमध्ये ‘वीझ’. भाकरीला किंवा पावाला रशियन लोक ‘ख्लेब’ म्हणतात, हंगेरियन लोक ‘केन्येर’. हंगेरियन ही अगदी वेगळ्या कुळातील भाषा आहे. फिनलंडची भाषा तिची नातेवाईक आहे. गंमत अशी की, कोतेल्निचच्या शेजारच्या प्रदेशांत मारी आणि उदमुर्त नावाचे लोक राहतात आणि त्यांच्या भाषाही हंगेरियनच्या दूरच्या नातेवाईक आहेत. पण हजारो वर्षांपूर्वीचे ते नाते. त्या नात्यातून दोन माणसांना एकमेकांचे एक वाक्यही कळत नाही.

मात्र आंद्राशच्या भाषेतला एक शब्द तुम्ही लगेच ओळखला असता. हंगेरियनमध्ये खिशाला ‘झेब’ म्हणतात. हा शब्द अरबी भाषेतून तुर्कीत आणि तुर्कीतून हंगेरियनमध्ये गेला. हंगेरीच्या मोठ्या भागावर सुमारे दीडशे वर्षे तुर्कांचे राज्य होते. उर्दूतला ‘जेब’ तो हाच.

त्रेपन्न वर्षे राहूनही आंद्राश रशियन का शिकला नाही, असे कोणी विचारील. भाषा शिकायला समोर बोलणारा माणूस लागतो. आपण चुकलो तर सुधारणारा, आपल्या तोडक्या-मोडक्या वाक्याला उत्तर देणारा माणूस लागतो. ज्याला सगळे वेडा समजतात, त्याच्याशी असे कोण बोलणार? शिवाय, एखादा माणूस हट्टाने आपली भाषा सोडत नाही, हेही शक्य आहे. त्याच्याजवळ घरचे दुसरे काय उरले होते?

रुग्णालयाला दोष देताना थोडे थांबले पाहिजे. युद्धानंतर रशियातही खायला पुरेसे नव्हते. तरी या अनोळखी माणसाला तेथे अन्न आणि निवारा मिळत राहिला. म्हणूनच तो म्हातारा होईपर्यंत जगला. शेवटच्या काही वर्षांत त्याच्या पायाचा आजार वाढला आणि एक पाय कापावा लागला. तेव्हाही त्याची काळजी तेथल्याच लोकांनी घेतली. पण हा माणूस कोण, कुठला, याचा पिच्छा पुरवावा असे तेथे कोणाला फार काळ वाटले नाही. यात क्रूरपणा नव्हता. तो रोज दिसत होता, आणि रोज दिसणाऱ्या माणसाविषयी कोणी नवा प्रश्न विचारत नाही.

तिकडे हंगेरीत काय झाले? युद्धकैदी १९४६ ते १९४८ या काळात मोठ्या संख्येने परत आले. आगगाड्या भरभरून येत. लोक स्थानकावर जाऊन आपला माणूस शोधत. आंद्राश आला नाही. मनोरुग्णालयात दाखल झालेल्यांची नावे युद्धकैद्यांच्या यादीतून काढून टाकली जात, त्यामुळे तो कैदी म्हणूनही कोठे नोंदलेला उरला नाही. कैद्यांच्या यादीत नाही, परत आलेल्यांच्या यादीत नाही. अखेर १९५४ मध्ये सरकारने त्याला मृत म्हणून जाहीर केले.

त्यानंतर जग बदलले. हंगेरीत १९५६ मध्ये उठाव झाला. १९८९ मध्ये तेथील साम्यवादी राजवट संपली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघराज्यच उरले नाही. ज्या देशाने आंद्राशला कैद केले होते, तो देश नाहीसा झाला, तरी त्याचा कैदी कोतेल्निचमध्येच होता.

विसावे शतक संपता संपता एक साधी गोष्ट घडली. मूळचा स्लोव्हाकियाचा असलेला एक माणूस या रुग्णाला भेटला. स्लोव्हाकिया हा हंगेरीचा शेजारी देश आहे आणि तेथे हंगेरियन बोलणारे लोक पुष्कळ आहेत. त्याने त्या म्हाताऱ्याचे पुटपुटणे ऐकले आणि ओळखले. ही बडबड नाही, ही हंगेरियन भाषा आहे! नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. ती भाषा ओळखणारे दोन कान तेथे पोहोचले, एवढेच.

मग हंगेरीला कळवण्यात आले. हंगेरीचे डॉक्टर कोतेल्निचला गेले आणि ११ ऑगस्ट २००० रोजी आंद्राश तोमा विमानाने बुदापेस्ट या राजधानीत पोहोचले. आतापर्यंत आपण त्यांना ‘तो’ म्हणत आलो, कारण डोळ्यांसमोर एकवीस वर्षांचा मुलगा होता. विमानातून उतरले ते चौऱ्याहत्तर वर्षांचे, एक पाय नसलेले आजोबा होते.

पण हे आजोबा कोणाचे, हे अजून कोणालाच माहीत नव्हते. रशियन कागदांवर त्यांचे नाव लिहिताना बदलले होते. हंगेरीच्या वर्तमानपत्रांनीही सुरुवातीला त्यांचे नाव ‘आंद्राश तमाश’ असे छापले. तमाश नावाच्या माणसाला शोधायला निघाले, तर तोमा कसा सापडणार? देशभरातून अनेक कुटुंबांनी कळवले, ‘हे आमचे असतील.’ कोणाचा भाऊ, कोणाचा काका, कोणाचे वडील रशियात नाहीसे झाले होते. छायाचित्रात त्यांना आपलाच माणूस दिसत होता. एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्यात एवढ्या घरांनी आपला हरवलेला तरुण शोधला. त्यावरून त्या युद्धाने किती घरे रिकामी केली होती, हे समजते.

बुदापेस्टच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ त्यांच्याजवळ बसून ऐकू लागले. हे काम सोपे नव्हते. पन्नासाहून अधिक वर्षे कोणाशी संभाषण न झाल्यामुळे त्यांचे बोलणे तुटक आणि अस्पष्ट झाले होते. वाक्य सुरू होई आणि मध्येच विरून जाई. शब्दही जुने, ईशान्येकडील खेड्यांतले. शहरातल्या डॉक्टरांना तेही सहज कळत नसत. तरी डॉक्टर रोज बसत, विचारत, लिहून घेत. बोलण्याच्या ओघात मधूनच एखाद्या गावाचे नाव येई, एखाद्या माणसाचे नाव येई. ती नावे जुळवत जुळवत शोध न्यीरेजहाझाच्या परिसरापर्यंत पोहोचला. जी बोली कोतेल्निचमध्ये वेडेपणाची खूण ठरली होती, तिच्याच आधारे आता घराचा पत्ता मिळाला.

तेथे त्यांची सावत्र भावंडे, भाऊ यानोश आणि बहीण आन्ना, हयात होती. रक्ताची डीएनए तपासणी झाली. नाते जुळले. हा माणूस शुयानबोकोरचा आंद्राश तोमा, हे सप्टेंबर २००० मध्ये पक्के झाले. १९५४ मध्ये कागदावर मेलेला माणूस आता कागदावरही जिवंत झाला.

यानंतर एक मजेशीर पण योग्य गोष्ट घडली. आंद्राश तोमा यांना सैन्यातून कोणीच निवृत्त केले नव्हते. म्हणजे नियमाने ते १९४४ पासून सैनिकच होते! हंगेरीच्या संरक्षण खात्याने ही गोष्ट मान्य केली. त्यांना बढती दिली आणि इतक्या वर्षांचा थकलेला पगारही दिला. सरकारी खात्यांविषयी आपण नेहमी तक्रार करतो. या वेळी मात्र त्या खात्याने हिशेब बरोबर केला, असे म्हटले पाहिजे. पैशाने गेलेली वर्षे परत येत नाहीत, हे त्या अधिकाऱ्यांनाही माहीत असणारच. पण पगार देणे म्हणजे, ‘तुम्ही आमचे होतात आणि आम्ही तुम्हांला विसरलो होतो,’ हे सरकारने सही-शिक्क्यानिशी कबूल करणे होते.

वर्तमानपत्रांनी त्यांना दुसऱ्या महायुद्धाचा शेवटचा युद्धकैदी म्हटले. पत्रकार आले, छायाचित्रे निघाली, जगभर बातमी गेली. मग गर्दी ओसरली. बहीण आन्ना त्यांना न्यीरेजहाझा येथील आपल्या घरी घेऊन गेल्या. शहर बदलले होते, राज्य बदलले होते, नाणी आणि नोटाही बदलल्या होत्या. आन्ना मात्र त्यांच्याशी हंगेरियनमध्येच बोलत होत्या. काय हवे, काय नको, हे आता त्यांना आपल्या भाषेत विचारले जात होते. उत्तर नीट समजले नाही, तर पुन्हा विचारणारे माणूस घरात होते.

याच घरी ते साडेतीन वर्षे राहिले. ३० मार्च २००४ रोजी न्यीरेजहाझा येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

शब्दार्थ

युद्धकैदी – जंगी कैदी. ऐरण – ज्यावर लोहार तापलेले लोखंड ठोकतो तो लोखंडी ठोकळा. रेताड – वाळू मिसळलेली. चढाई – हल्ला. छावणी – सैनिकांचा किंवा कैद्यांचा तळ. मनोरुग्णालय – मनाचे आजार असलेल्यांचे इस्पितळ. निरर्थक – बेमानी. पिच्छा पुरवणे – एखाद्या गोष्टीच्या मागे सतत लागणे. सावत्र – सौतेला. थकलेला पगार – द्यायचा राहिलेला पगार.

स्वाध्याय

१. ‘बोकोर’ म्हणजे काय? वस्त्यांना हे नाव का पडले?

२. ‘मालेन्की रोबोट’ हा शब्द कसा तयार झाला?

३. आंद्राशचे नाव युद्धकैद्यांच्या यादीतून का गेले? त्याचा परिणाम काय झाला?

४. कोतेल्निचच्या रुग्णालयाविषयी लेखकाचे मत काय आहे? तुम्हांला ते पटते का? पाच-सहा वाक्यांत लिहा.

५. खालील शब्द वाक्यांत वापरा : पुटपुटणे, धामधूम, ओसरणे, हयात.

६. मराठीत आणि उर्दूत सारखे वाटणारे दहा शब्द शोधून लिहा. वर्गात कोणाच्या घरी आणखी एखादी भाषा बोलली जात असेल, तर तिच्यातील एक ते दहा अंक त्याच्याकडून शिकून घ्या.